शेवटच्या खांबावर किती व्होल्ट?

वाचकांचे प्रश्न : गावातलं चार्जिंग स्टेशन

विजेच्या गाड्यांसाठी गोव्यातल्या गावात चार्जिंगची सोय करावी का, कुठे, केवढी, या विषयावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत. किमतींचे आकडे हिशेबाची पद्धत कळावी म्हणून धरले आहेत. तुमच्या हातात कोटेशन आलं की त्यातले आकडे तिथे घाला.

प्रश्न : आमच्या पंचायतीला एका कंपनीनं ६० किलोवॉटच्या फास्ट चार्जरचा प्रस्ताव दिला आहे. बसस्टँडजवळची पंचायतीची जागा दहा वर्षं फुकट द्यायची, बाकी सगळं ते बघणार. शेजारीच १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, त्यामुळे वीज पुरेल असं त्यांचं म्हणणं. ठराव घ्यावा का? – एक पंच, सत्तरी

उत्तर : ‘शंभरातून साठ गेले, चाळीस उरले’ असं हे गणित नाही. चार्जर गाडीला ६० किलोवॉट देतो तेव्हा लाइनीतून साधारण ६४ किलोवॉट ओढतो, कारण एसीचं डीसी करताना पाच-सहा टक्के वीज उष्णतेत जाते. अँपिअरमध्ये हे प्रत्येक फेजवर सुमारे ९० होतात. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण क्षमतेनं एका फेजवर १३३ अँपिअर देतो. उरले ४३, म्हणजे एका फेजवर दहाएक किलोवॉट. एका वाड्यात (वस्तीत) सकाळी पाच गीझर एकदम लागले की हे संपतं. शिवाय ट्रान्सफॉर्मर कायम काठोकाठ चालवायचा नसतो. ८० टक्क्यांवर हात आखडायचा म्हटलं तर फेजला १०६ अँपिअर मिळतात, आणि चार्जर चालू असताना सगळ्या वाड्यासाठी उरतात १६.

म्हणून ठरावाच्या आधी मोजमाप करा. वीज खात्याच्या उपविभाग कार्यालयाला लेखी पत्र देऊन त्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता आणि त्यावरचा सर्वांत जास्त नोंदलेला भार मागा. त्यावर न थांबता लाइनमनकडून टाँग टेस्टरनं (तारेला चिमट्यासारखं लावून करंट मोजायच्या यंत्रानं) तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजून घ्या. वेळ संध्याकाळी ७ ते १० आणि पहाटे ६ ते ८, सलग सात दिवस. एक फेरी मे महिन्यात आणि एक चतुर्थीच्या आठवड्यात झाली पाहिजे. वर्षभर कुलूप असलेली घरं चतुर्थीला उघडतात, आणि बाहेर स्थायिक झालेली मंडळी गाड्या घेऊन मूळ घरी येतात. तुमच्या ट्रान्सफॉर्मरची खरी परीक्षा तेव्हा होते. न्यूट्रलमध्ये ४०-५० अँपिअर दिसले तर फेजवरचा भार असमान वाटला गेला आहे. आधी तो सारखा करून घ्यावा लागेल, चार्जरचं पुढचं पुढे.

मग व्होल्टेज. ट्रान्सफॉर्मरखाली मोजू नका, तिथे ते नेहमीच चांगलं असतं. त्या लाइनीवरच्या शेवटच्या खांबाजवळच्या घरात मोजा. २३० व्होल्टला ६ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे २१६ ते २४४. संध्याकाळी आठला तिथे आधीच २०८ दिसत असतील, तर फास्ट चार्जरचा विषय तिथेच संपवा. यात एक मेख आहे. बल्ब किंवा गीझर व्होल्टेज पडलं की कमी करंट घेतो. डीसी चार्जर उलट वागतो. त्याला ठरलेली शक्ती द्यायची असते, म्हणून व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो, त्यानं व्होल्टेज आणखी पडतं आणि शेवटी तो ‘अंडरव्होल्टेज’ दाखवून बंद होतो. लोक म्हणतात मशीन खराब आहे. मशीन धडधाकट असतं, लाइन दुबळी असते.

यावर उपाय दोन. कंपनीनं स्वतःची ११ केव्हीची जोडणी आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, म्हणजे गावाच्या भाराशी संबंधच उरत नाही. खर्च लाखांत वाढतो, आणि खरा रस आहे की नुसती जागा अडवायची आहे हेही त्यावरून कळतं. दुसरा उपाय ३० किलोवॉटचा चार्जर. तो फेजला ४५-४७ अँपिअर घेतो, तेवढं काही ट्रान्सफॉर्मरवर बसू शकतं.

करारात तीन गोष्टी नसतील तर ठराव घेऊ नका. चार्जर बंद पडल्यास किती दिवसांत चालू करायचा आणि नाही केला तर जागा परत. दहा वर्षांनी, किंवा कंपनी मध्येच गेली तर, पाया, केबल आणि पॅनेल काढून न्यायची जबाबदारी कुणाची. आणि गन, म्हणजे गाडीत बसणारा चार्जरचा प्लग, कुठली. नव्या चारचाकींना सीसीएस-२ लागते. ‘भारत डीसी-००१’ या जुन्या १५ किलोवॉटच्या जातीचे चार्जर स्वस्तात काढायला कुणी आलं तर हात जोडा, ती गन आजच्या बहुतेक गाड्यांत बसतच नाही.

बसस्टँडच्या जागेबद्दल एवढंच विचारतो : तिथे बसशिवाय ४५ मिनिटं कोण थांबतं?

प्रश्न : आमचा पाच खोल्यांचा होमस्टे आहे. विजेच्या गाडीनं आलेल्या पाहुण्यांना पडवीतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरून एक्स्टेंशन दिली होती. सकाळी प्लग वितळलेला. वायर तर जाड होती, मग हे कशानं? – काणकोण

उत्तर : वायर जाड असली तरी जळतो तो सांधा. गाडीबरोबरचा ३.३ किलोवॉटचा चार्जर १४ अँपिअरच्या वर करंट घेतो, आणि तो नऊ-दहा तास सलग. मोठा गीझरही जवळपास तेवढाच घेतो, पण पंधरा मिनिटांनी कट होतो, सॉकेटला निवायला वेळ मिळतो. त्यातून समुद्राकाठची खारट हवा सॉकेटच्या पितळी पत्त्यांवर हिरवट थर चढवते. पत्ती सैल, वर थर, त्यातून रात्रभर १४ अँपिअर : प्लास्टिक मऊ होतं, पत्ती आणखी सैल होते. एक्स्टेंशनची गुंडाळी न उलगडता वापरली असेल तर तीही आतून तापते. प्लगच्या एकाच पिनेभोवती तपकिरी वर्तुळ दिसलं तर ते सॉकेट आजच काढा. घासून पुन्हा बसवू नका.

नवी सोय अशी करा. मीटरजवळच्या बोर्डापासून चार्जिंगसाठी वेगळी लाइन, तिच्यावर दुसरं काहीही नाही. ३.३ किलोवॉटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), आणि घरगुती सॉकेटऐवजी निळं, झाकणाचं औद्योगिक सॉकेट. त्याच्या पिना जाड आणि गोल असतात, पकड घट्ट असते. मात्र पाहुण्याच्या गाडीचा प्लग घरगुती तीन पिनांचा असतो, म्हणून योग्य ॲडॉप्टर तुम्हीच ठेवा. बाजारातलं दोनशे रुपयांचं नको.

७.४ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर बसवत असाल तर ३२ अँपिअर धरा आणि अंतर मोजा. गाडी माडांखाली ५० मीटरवर उभी राहणार असेल तर ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जवळजवळ १० व्होल्ट वाटेत जातात, १० चौरस मिलिमीटरमध्ये ६ व्होल्ट. घरात संध्याकाळी २१५ येत असतील तर पहिल्या तारेनं गाडीपाशी २०५ पोचतील. इथे तार जाड घ्यावी, चार्जर लहान चालेल. आरसीसीबी ‘एसी’ प्रकारचा नको. गाडीच्या आतल्या चार्जरमधून डीसी गळती होऊ शकते आणि ती झाली की हा प्रकार आंधळा होतो, खरा शॉक बसतानाही पडत नाही. ‘ए’ प्रकार आणि चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअरचं डीसी संरक्षण, किंवा मग महागडा ‘बी’ प्रकार.

मंजूर भार वाढवून घ्यायला विसरू नका. आणि पाहुण्यांकडून चार्जिंगचे पैसे घेणार असाल तर घरगुती मीटरवरून नको, चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घ्या.

प्रश्न : मी वायरमन आहे. आमच्या भागात दोन ठिकाणी स्कूटरचे चार्जर एप्रिल-मेमध्ये ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून थांबतात. पाऊस लागला की आपोआप चालू होतात. एकानं अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडून काम भागवलं आहे. हे बरोबर का? – सांगे

उत्तर : ती जोडणी हे वाचून झाल्याबरोबर जाऊन काढा. खांबावरचा न्यूट्रल तुटला की त्याच क्षणी गाडीच्या संपूर्ण सांगाड्यावर २३० व्होल्ट येतात, आणि आरसीसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. माड किंवा फांदी लाइनीवर पडून न्यूट्रल तुटणं आपल्याकडे पावसाळ्यात नवं नाही.

आता मूळ दुखणं. चार्जर सुरू होण्याआधी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट आहेत ते बघतो. ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, आणि ही मर्यादा सहसा मोजक्याच व्होल्टची असते, की तो नकार देतो. हे व्होल्ट दोन कारणांनी चढतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून अर्थिंगचा खड्डा खणायच्या आधी निदान करा. चार्जर बंद ठेवून दुपारी दोनला न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा, मग रात्री साडेआठला. दुपारी २ व्होल्ट आणि रात्री १२ व्होल्ट असतील तर दोष तुमच्या अर्थिंगचा नाही. शेजाऱ्यांच्या भारानं लाइनीच्या न्यूट्रलमध्ये व्होल्टेज चढतंय : सैल जंपर (खांबावरची जोडतार), गंजलेला सांधा किंवा असमान फेज. वीज खात्याकडे वेळेसकट आकडे लिहून तक्रार द्या. ‘व्होल्टेज बरोबर नाही’ एवढ्यावर कोणी खांबावर चढत नाही. ‘रात्री ८.३०, न्यूट्रल-अर्थ १२ व्होल्ट, खांब क्रमांक अमुक’ असं लिहिलंत तर चढतात.

दोन्ही वेळी सारखंच चढं असेल, आणि पावसात सुधारत असेल, तर खड्डा कोरडा आहे. आपला चिऱ्याचा दगड, म्हणजे जांभा, उन्हाळ्यात पाणी धरत नाही. बऱ्यापैकी ओल्या, १०० ओहम-मीटर रोधकतेच्या मातीतसुद्धा अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा एकच पाईप हिशेबानं ३० ओहमच्या पुढे जातो. कोरड्या जांभ्याची रोधकता याच्या कितीतरी पट. एका खड्ड्यात पोतंभर मीठ-कोळसा ओतला की दोन पावसाळे बरं चालतं, मग मीठ वाहून जातं आणि पाईप कुजलेला सापडतो. विहिरीच्या अंगाला तर मीठ टाकूच नये.

जांभ्यात खोल जाण्यापेक्षा आडवं जाणं सोपं आणि स्वस्त. कुळागराचा (सुपारीच्या बागेचा) पाट, न्हाणीचं पाणी जिरतं ती जागा, भाटाचा (माडांच्या बागेचा) खालचा बांध, अशी वर्षभर ओल टिकणारी पट्टी शोधा. तिथे ६० सेंटीमीटर खोल, १५ ते २० मीटर लांब चर खणून २५ बाय ६ मिलिमीटरची जस्त चढवलेली लोखंडी पट्टी टाका, भोवती बेंटोनाइट मातीचा भराव आणि वर साधी माती. मुरूम किंवा चिऱ्याचे तुकडे परत भरू नका. उभे पाईपच घालायचे असतील तर निदान तीन, आणि दोन पाईपांमधलं अंतर पाईपाच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे ५ मीटर. जवळजवळ ठोकलेले तीन पाईप एकाच मातीवर भार टाकतात, आकडा फारसा उतरत नाही. लक्ष्य ५ ओहमच्या आत ठेवा आणि तीन खुंट्यांच्या अर्थ टेस्टरनं मे महिन्याच्या शेवटी मोजा. जुलैत मोजलेला आकडा प्रमाणपत्रावर छान दिसतो, कामाचा नसतो.

ओव्हरहेड लाइनीवर चार्जर असेल तर बोर्डात सर्ज अरेस्टर (विजेचा लोंढा जमिनीत सोडणारा) हवाच. वळवाच्या विजा आणि परतीच्या पावसातला गडगडाट पहिला घाव चार्जरच्या कार्डावर घालतात. अरेस्टरपासून अर्थपर्यंतची तार आखूड आणि सरळ ठेवा, तिला गुंडाळ्या नकोत.

प्रश्न : भाड्यानं द्यायला बारा विजेच्या स्कूटर घेण्याचा विचार आहे. किती भार मंजूर करून घ्यावा? एक एजंट २५ किलोवॉट म्हणतो. – पेडणे

उत्तर : पर्यटनासाठीची नवी वाहनं विजेचीच असावीत अशी घोषणा गोवा सरकारनं २०२३ मध्ये केल्यापासून हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आहे. २५ ची गरज नाही. स्कूटरबरोबरचा चार्जर बहुधा ७०० ते ९५० वॉटचा असतो. बाराही एकदम लावले तरी दहा किलोवॉटच्या आसपास. पण एकदम लावायचे कशाला? पर्यटक दिवसाला ६० किलोमीटर फिरला तर स्कूटर दोन युनिट खाते, बारांचे चोवीस, चार्जिंगमधली गळती धरून अठ्ठावीस. रात्री ९ ते सकाळी ७ असे दहा तास हाताशी आहेत. सहा स्कूटर नऊला, सहा पहाटे दोनला, असा टायमर लावला की पाच-सहा किलोवॉटवर भागतं. पुढची वाढ धरून दहा घ्या. थ्री फेज मागा आणि चार-चार-चार वाटा.

कमी बोललं जातं ते आगीबद्दल. चार्जिंगची जागा जिन्याखाली, पेट्रोलच्या स्कूटरांजवळ किंवा बंद शटरच्या आत नको. फिरून आलेली तापलेली बॅटरी लगेच लावू नका, अर्धा तास सावलीत राहू द्या. काढता येणाऱ्या बॅटऱ्या एकावर एक रचून चार्ज करू नका. पेट घेतलाच तर पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो, बॅटरी निववत नाही आणि ती पुन्हा पेटते. मुख्य स्विच पाडून, लांबून, भरपूर पाणी, आणि त्याआधी अग्निशमन दलाला फोन. पडलेल्या किंवा पाण्यातून काढलेल्या गाडीची बॅटरी पहिली रात्र उघड्यावर एकटी ठेवा.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्कूटर घेऊ नका, एवढा सल्ला न विचारता देतो. प्रत्येकाचा कनेक्टर निराळा. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं दुचाक्यांसाठी एक सामायिक कनेक्टर ठरवला, पण रस्त्यावर अजून सरमिसळच आहे.

प्रश्न : आमचा महिलांचा स्वयंसहाय्य गट आहे. पंचायत जागा द्यायला तयार आहे. चार्जिंग पॉइंट चालवून गटाला पैसे सुटतील का, हे कसं काढायचं? – धारबांदोडा

उत्तर : एकच आकडा काढायचा : दिवसाला किती युनिट विकले गेले तर तोटा होत नाही. मग गावात उभं राहून बघायचं की तेवढे युनिट कुणी घेणार आहे का.

समजा ३० किलोवॉटचा डीसी चार्जर पाया, केबल, पॅनेल, छप्पर धरून १० लाखांत उभा राहिला. आठ वर्षं चालला तर वर्षाला सव्वा लाख झीज. व्याज सरासरी ६० हजार. देखभाल, इंटरनेट, विमा ४५ हजार. गाडी नसतानाही पडदा, मोडेम आणि पंखे दिवसाला दोनेक युनिट खातात, तेही या ४५ हजारांतच धरा. एकूण २ लाख ३० हजार. वीज घेण्याचा आणि विकण्याचा दर यांत गळती, जीएसटी आणि ॲपवाल्याचं कमिशन वजा जाऊन युनिटमागे ६ रुपये हातात राहतात असं धरू. मग वर्षाला ३८ हजारांवर युनिट, दिवसाला १०५. एक मोटार २० युनिट भरते, म्हणजे पाच मोटारी, रोज, पावसाळ्यातले चार महिने धरून. बेळगावच्या रस्त्यावर, खाणं आणि स्वच्छतागृह असलेल्या जागी, हे जमू शकतं. आतल्या गावात नाही.

आता दुसरा हिशेब. ३.३ किलोवॉटचे चार पॉइंट आणि ७.४ चा एक, सगळं मिळून दीड लाख. वर्षाचा खर्च ३५ हजार. युनिटमागे ५ रुपये सुटले तर वर्षाला ७,००० युनिट, दिवसाला १९. नऊ-दहा स्कूटर, किंवा एकच मोटार. हा आकडा गावाच्या आवाक्यात आहे. इथे २२ किलोवॉटच्या एसी चार्जरचा मोह टाळा. एसीवर गाडी आपल्या आतल्या चार्जरच्या मर्यादेतच घेते, आणि ती बहुतेक गाड्यांत ३.३ किंवा ७.२ किलोवॉटच असते.

गिऱ्हाईक मोजताना तिस्क नाक्यावरून जाणाऱ्या विजेच्या गाड्यांच्या हिरव्या पाट्या मोजून उपयोग नाही, त्या जातात. थांबतात त्या मोजा. अंगण आणि पडवी असलेल्या घरातला माणूस घरीच लावणार, तो तुमचा नाही. तुमचं गिऱ्हाईक कोण? शाळेत बाहेरगावाहून येणारे शिक्षक, त्यांची स्कूटर सकाळपासून दुपारपर्यंत एकाच जागी उभी. आरोग्य केंद्रातले कर्मचारी. पंचायत, बँक, सोसायटी यांत काम करणारे. मालाची विजेची रिक्षा चालवणारा, ज्याला दुपारी तासभर विश्रांती असते. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी ७ ते संध्याकाळी ७, अर्ध्या तासापेक्षा जास्त उभ्या राहणाऱ्या गाड्या कोणत्या जागी किती, हे वहीत लिहा. पेट्रोलच्या असल्या तरी लिहा आणि मालकाला विचारा, पुढची गाडी कोणती घेणार. जत्रेची गर्दी हिशेबात धरू नका. एका रात्रीत हजार गाड्या आल्या तरी तुमच्याकडे पॉइंट पाचच.

दिवसा थांबणारं गिऱ्हाईक आणखी एका कारणानं बरं. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत चार्जिंग स्टेशनला वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दरानं द्यावी असं आहे. गोव्यात लागू होणारा दर संयुक्त वीज नियामक आयोगाच्या चालू वर्षाच्या आदेशात असतो, उपविभागातून त्याची प्रत घ्या आणि हिशेबात तोच घाला. चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, पण वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या गटाला सहसा नोंदणी लागत नाही. मधला ॲपवाला त्याच्या नावानं बिल करत असेल तर गणित बदलतं, आधी विचारा.

प्रश्न : दिवाडी बेटावर फेरीबोटीच्या धक्क्याजवळ सौर पॅनेलवर चालणारं स्टेशन करावं असा आमच्या क्लबचा विचार आहे. – तिसवाडी

उत्तर : विचार चांगला, जागा चुकीची. धक्क्यावर गाडी बोट येईपर्यंत थांबते आणि रांग पुढे सरकली की निघते, चार्जिंगला तो वेळ पुरत नाही. बेटावरच्या माणसाची स्कूटर दिवसाला २० किलोमीटर फिरली तर पाऊण युनिटही लागत नाही, ते घरी होतं. राहिले बेट बघायला येणारे. त्यांच्यासाठी देवळाच्या, चर्चच्या किंवा पंचायतीच्या आवारात सावलीत दोन-तीन स्लो पॉइंट पुरे.

सौर पॅनेलचं म्हणाल तर १० किलोवॉटला साधारण १०० चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाची सरासरी दिवसाला ४० युनिटच्या आसपास येते. जून-जुलैत निम्म्यावर, कधी त्याहून खाली. हे युनिट दुपारी तयार होतात, गाड्या येतात कधीही. मधे बॅटरी घातली की खर्च फार चढतो, म्हणून नेट मीटर घेऊन वीज लाइनीत सोडा आणि लागेल तेव्हा लाइनीतून घ्या. एक लक्षात ठेवा, लाइन गेली की असं सौर यंत्रही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं.

खाजनाच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) कडेची जागा असेल तर बांध फुटला किंवा मोठ्या भरतीला पाणी कुठवर येतं ते गावातल्या जुन्या माणसाला विचारा, त्या खुणेच्या वर ६० सेंटीमीटर चौथरा घ्या. जमिनीखाली केबलला सांधा नको. खाऱ्या पाण्यातला सांधा बाहेरून कितीही टेप गुंडाळला तरी आतून हिरवा पडतो. पेटी ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची घ्या, साधा रंगवलेला पत्रा स्क्रूच्या भोकांपासून फुगायला लागतो. आणि खाडीकाठ आहे, तेव्हा सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी लागेल का ते पाया खणण्याआधी तपासा.

थोडक्यात काही

स्टेशनला परवाना लागतो का? (डिचोली) नाही. चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे असा खुलासा केंद्रानं २०१८ मध्येच केला आहे. मात्र बांधकामाला पंचायतीचा ना-हरकत दाखला आणि जागेची कागदपत्रं लागतात. कोमुनिदादीची (गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक संस्थेची) जागा असेल तर मंजुरीचा मार्ग लांबचा असतो, अभयारण्याच्या हद्दीत वनखातं येतं. सगळे कागद पूर्ण असतील आणि नवी लाइन ओढायची नसेल तर ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी मिळायला हवी, असा नियम आहे.

पावसाळ्यात वीज जाते. डिझेल जनरेटर ठेवावा का? (केपे) लहान जनरेटर लिटरला तीन-साडेतीन युनिट देतो. डिझेल ९० रुपये धरलं तर युनिट २६ ते ३० रुपयांना पडतं, देखभाल वेगळी. कुणी एवढे देणार नाही. फलकावर ‘वीज नाही’ लिहा आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर घ्या.

पावसात गाडी चार्ज केली तर चालते का? (फोंडा) चालते, गन गाडीत नीट बसल्याशिवाय तिच्यात मुख्य वीज सोडलीच जात नाही. त्रास गन बाहेर लोंबत ठेवल्यानं होतो. तोंड वर राहिलं की आत पाणी साठतं आणि पिना काळ्या पडतात. वापर झाला की गन तोंड खाली करून हुकात अडकवा, वर दोन्ही बाजूंना मीटरभर पुढे येणारं छप्पर करा. पेटीच्या तळाशी केबल शिरते तिथला ग्लँड महिन्यातून एकदा बघा. तिथे फट राहिली तर ऊब शोधत मुंग्या आणि पाली आत जातात. पाल दोन फेजमध्ये आडवी आली की एमसीबी पडतो, आणि तो पुन्हा पुन्हा का पडतो याचं कारण पेटी उघडेपर्यंत सापडत नाही.